घराचे काम आणि ‘आपला माणूस’

दुकानात दोन मीटर सुती कापड घ्यायला आलेले गिऱ्हाईक काय काय करते, हे प्रत्येक कापड व्यापाऱ्याला पाठ असते. कापड मुठीत चुरगाळून पाहते, उजेडात नेऊन पोत पाहते, रंग पक्का आहे का, धुतल्यावर किती आटेल हे विचारते, आणि शेवटी शेजारच्या दुकानातला भाव काढून परत येते. दोन मीटरसाठी अर्धा तास! तेच गिऱ्हाईक घराची गच्ची, भिंती, न्हाणीघर असे दोन लाखांचे काम काढते तेव्हा मात्र रस्त्यात उभ्या उभ्या सौदा करते. ‘‘मिस्त्री, आमचे तेवढे काम बघून घ्या.’’ ‘‘बघतो ना भाई, तुमच्याकडून का जास्त घेणार?’’ झाले, ठरले. काय करायचे, कशाने करायचे, किती दिवसांत करायचे, यातले काहीही ठरलेले नसते. ठरलेले एकच असते, की मिस्त्री ‘आपला माणूस’ आहे.

गिऱ्हाइकाला नावे ठेवून उपयोग नाही. आपण व्यापारीही हेच करतो. मी स्वतः केले आहे.

गच्चीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या घराची गच्ची गळू लागली. खालच्या खोलीत दुकानातला जास्तीचा माल ठेवलेला असे. मिस्त्री नात्यातलाच होता, हात चांगला होता. चाळीस हजारांत ‘गच्चीचे काम’ ठरले. तीस हजार आधीच दिले, कारण घरच्याच माणसाकडे हिशेब काय मागायचा? त्याने भेगा फोडून सिमेंटने भरल्या, वरून प्लास्टरचा थर दिला आणि काम संपले म्हणून सांगितले. जूनच्या सरी निभावल्या. जुलैमध्ये तीन दिवसांची झड लागली आणि छत ठिबकले. अकरा ताग्यांवर डाग पडले.

मी म्हणालो, फसवले. तो म्हणाला, ‘‘तुम्ही भेगा दाखवल्या, मी भेगा भरल्या. सगळी गच्ची खरवडून, उतार काढून, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा तर या पैशांत होतो का?’’ मोहल्ल्यातली चार वडीलधारी माणसे बसली. त्यांनी दोघांनाही विचारले, काय ठरले होते? मी म्हणालो गच्चीचे काम, तोही म्हणाला गच्चीचे काम. दोघेही खरे बोलत होतो. माझ्या मनात ‘गच्चीचे काम’ म्हणजे पाणी बंद होणे, त्याच्या मनात भेगा भरणे. बसलेली माणसे निकाल कशावरून देणार? पुढे दोन वर्षे ईदच्या दिवशीही आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. डागाळलेला माल तुकड्यांच्या भावात विकून टाकता आला. तुटलेल्या नात्याचे तसे करता येत नाही.

जबान कोठे चालते

आपण व्यापारी लोक जबानीवर व्यवहार करतो आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. तो रास्तही आहे. फोनवर सांगितलेल्या भावाने लाखोंचा माल येतो आणि कोणी फिरत नाही. परंतु तेथे जबान का चालते याचा विचार केला पाहिजे. तागा किती मीटरचा, पन्हा किती इंचाचा, सूत कोणत्या नंबरचे, हे सारे आधीच ठरलेले असते. शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच असतो. घराच्या दुरुस्तीत तसे नसते. ‘चांगले प्लास्टर’, ‘पक्के काम’, ‘चांगल्या कंपनीचा नळ’ या शब्दांना माप नाही. जेथे माप नाही तेथे इमानदार माणसाची जबानही अपुरी पडते. आपल्यातले बहुतेक तंटे बेइमानीमुळे होत नाहीत. ते न बोललेल्या गोष्टींमुळे होतात.

म्हणूनच कागद करणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, ही समजूत टाकून दिली पाहिजे. मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदार असावेत, ही शिकवण कुरआनच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे. आपण दुकानात खातेवही लिहितो. मिस्त्रीशी बोलताना ती शिकवण कोठे जाते?

माणूस कसा पाहावा

नवे केलेले काम पाहून मिस्त्री ठरवू नये. नवे प्लास्टर प्रत्येकाचेच गुळगुळीत असते. त्याने दोन वर्षांपूर्वी केलेले काम पाहावे. त्या कामावरून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण मे महिना गेलेला असला पाहिजे. याचे कारण आपल्या जिल्ह्याच्या जमिनीत आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागात कापसाची काळी माती आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच, तसेच घराच्या पायाखालीही घडत असते. न धुतलेले सुती कापड एकदा आटते आणि थांबते. ही माती दरवर्षी आटते आणि दरवर्षी फुगते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, फरशी आणि भिंतीत फट पडते. अशी भेग सिमेंटने भरली की दिवाळीपर्यंत भिंत सुंदर दिसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा तेथेच उभी राहते.

मिस्त्रीला भेग दाखवून एकच प्रश्न विचारावा, ‘‘ही का पडली?’’ जो लगेच म्हणतो, ‘‘भरून देतो, दोन हजार द्या,’’ त्याच्याबाबतीत सावध राहावे. जो आधी घराबाहेर जातो, छपराचे पाणी कोठे पडते, न्हाणीचे पाणी पायाशी मुरते का, भिंतीजवळ मोठे झाड आहे का हे पाहतो, तो कारागीर. भेग अजून चालू आहे की थांबली हे पाहण्याचा साधा उपाय आहे. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून तारीख लिहावी. काही महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत हलते आहे, आणि तेथे प्लास्टरवर घातलेला पैसा वाया जाणार. अशा घराला पायाकडेची काळी माती काढून मुरूम भरणे, भोवती फरसबंदी करून पाणी दूर नेणे हे आधी करावे लागते. नवे घर बांधायचे असेल तर पायाचा सल्ला इंजिनिअरकडूनच घ्यावा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर बूड असलेल्या खांबांचा पाया विकसित केला आहे. अशी भेग दुरुस्त करणे मात्र आपल्या मिस्त्रीचे काम आहे आणि तो ते जाणतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

कापड व्यवसायात जो दुकानदार स्वतःहून सांगतो, ‘‘हे आटेल, पाव मीटर जास्त घ्या,’’ त्याच्याकडे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या येते. कारागिराचेही तेच आहे. न विचारता दोष सांगणारा तो विश्वासू.

विजेच्या कामात मात्र ओळख आणि अनुभव पुरेसे नाहीत. वायरमनकडे सरकारी परवाना असावा लागतो आणि नवीन जोडणीसाठी महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. येथे परवाना पाहायला संकोच करू नये. प्लास्टर चुकले तर पैसे जातात, वायर चुकली तर जीव जातो.

कागदावर काय लिहावे

स्टॅम्पपेपरची गरज नाही. वहीचे एक पान, दोन सह्या, एक साक्षीदार आणि दोघांकडे एकेक प्रत एवढे पुरे. कागद मराठीत असो की उर्दूत, दोघांना वाचता आला पाहिजे. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, काम आणि त्याचा परिणाम. ‘गच्चीचे काम’ असे न लिहिता ‘जुना थर काढणे, उतार देऊन कोबा घालणे, नंतर दोन दिवस गच्चीवर पाणी अडवून ठेवणे आणि खाली ओल न दिसणे’ असे लिहावे. पाणी अडवून पाहण्याची ही परीक्षा पावसाची वाट न पाहता घेता येते.

दुसरी, सामान. सिमेंट, नळ, वायर कोणत्या कंपनीचे, प्लास्टरचे प्रमाण एकास चार की एकास सहा, हे लिहावे. सामान मालक आणणार की मिस्त्री, हेही लिहावे. हार्डवेअरच्या दुकानात कारागिराला कमिशन मिळण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. तो लपवून ठेवला की संशय येतो, त्यापेक्षा मजुरी मोकळेपणाने थोडी जास्त ठरवावी आणि सामानाची पक्की पावती घ्यावी. रेतीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि शंभराने भागावे. ओलसर रेती फुगलेली असते, ती पाव हिश्श्यानेही जास्त भरू शकते, हे ध्यानात ठेवावे. मीटरवर बोटभर कमी कापड खपवून न घेणारे आपण, रेतीची गाडी न मोजता रिकामी करू देतो!

तिसरी, मोजण्याची रीत. प्लास्टरचा दर चौरस फुटावर ठरतो, पण दारे-खिडक्यांची वजावट करायची की नाही यावर हमखास भांडण होते. भारतीय मानक १२०० मध्ये याचा नियम आहे. अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान झरोक्याची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीची, भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखे प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते, कारण कडांचे काम वेगळे मोजत नाहीत. हा नियम मान्य करा किंवा दुसरा ठरवा, पण पहिली पाटी उचलण्यापूर्वी ठरवा.

चौथी, वाढीव काम. काम चालू असताना मालकाच्या घरातून रोज एक नवी फर्माईश येते. येथे एक कोनाडा, तेथे एक ओटा. शेवटी मिस्त्री जास्त पैसे मागतो आणि आपण म्हणतो तोंड बदलले. वाढीव काम निघेल त्याच दिवशी त्याचा दर त्याच कागदावर लिहावा.

पाचवी, पैसे. सामान आपले असेल तर बयाणा थोडाच असावा. पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत. शेवटचा दहावा हिस्सा गच्ची किंवा भिंतीच्या कामात पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखावा. सरकारी ठेक्यांतही दोषांची जबाबदारी संपेपर्यंत अनामत राखलेली असते.

मालकाचीही परीक्षा

येथे मालकांनाही एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. विश्वासू कारागीर मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी किती जण विश्वासू मालक आहेत? शनिवारी संध्याकाळी मिस्त्री दारात उभा राहतो. त्याला दोन मजुरांची रोजी चुकवायची असते. आपण म्हणतो, ‘‘आज बाजार मंदा होता, सोमवारी या.’’ त्याच दिवशी आपण दुकानात नवीन माल भरलेला असतो. मजुरी वेळेवर देण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, ती सांगण्यापुरती नाही. राखून ठेवलेला दहावा हिस्सादेखील पाऊस झाल्यावर, छत कोरडे असेल तर, मिस्त्रीने न मागता द्यावा. तो बुडवणारा मालक पुढच्या वेळी सर्वांत वाईट कारागिराच्याच हाती सापडतो, कारण चांगले कारागीर त्याच्या दारात येत नाहीत.

दुसरा दोष घाईचा. रमजानच्या आधी, लग्नाच्या आधी, पावसाच्या आधी, सगळ्यांना एकाच पंधरवड्यात रंगारी आणि मिस्त्री हवा असतो. मग एक माणूस पाच घरे धरतो आणि पाचही अर्धवट ठेवतो. थोडे आधी सांगितले तर माणूसही चांगला मिळतो आणि भावही. आपत्तीनंतरची घाई तर सर्वांत महाग पडते. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराने वेढलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा पुरानंतर भिजलेली भिंत वाळण्यापूर्वीच जो लगेच प्लास्टर आणि रंग करून देतो म्हणतो, तो ओल आत कोंडतो. ‘‘थांबा, भिंत वाळू द्या,’’ असे सांगून स्वतःची आजची रोजी सोडणारा माणूस ओळखून ठेवावा.

कारागीर बंधूंसाठी

कागदाचा सर्वांत जास्त फायदा कारागिराला आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली आणि महाराष्ट्रात असे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. १८ ते ६० वयाच्या कामगाराने आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर त्याची नोंदणी होते. मुलांचे शिक्षण, आजारपण, अपघात यांत त्याला मदत मिळू शकते. मात्र ९० दिवसांचा दाखला पाहिजे. ज्याने कोणाशीच कागद केला नाही त्याला दाखला जमवताना धावपळ करावी लागते. मालकांनीही एवढे काम आपल्याकडे झाले असे लिहून देण्यात कंजुषी करू नये.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत राजमिस्त्री, सुतार आणि शिंपीही आहेत. प्रमाणपत्र, प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. व्याजाचा प्रश्न ज्याचा त्याने ठरवावा, पण प्रमाणपत्र आणि अवजारे सोडण्याचे कारण नाही.

आणि एक विनंती. काम जमत नसेल तर नाही म्हणा. वेळ नसेल तर तारीख पुढची द्या. वर्षभराने जुन्या गिऱ्हाइकाकडे जाऊन ‘पावसात कसे राहिले?’ एवढे विचारा. याहून मोठी जाहिरात नाही.

तंटा झालाच तर

आधी दोघांना मान्य असलेला तिसरा मिस्त्री आणून काम दाखवावे. त्याने कागद हातात घेऊन पाहावे. बहुतेक तंटे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे १९९३ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही स्पष्ट झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की घराच्या कामात आपण ग्राहक असतो, पण धंद्यासाठी केलेल्या दुकानाच्या कामात तसे असेलच असे नाही. दुकान केवळ स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यापुरते असेल तरच तेथे सवलत आहे. म्हणून दुकानाचे काम काढताना कागद दुप्पट जपून करावा. आयोगही शेवटी हेच विचारणार, काय ठरले होते?

माझ्या गच्चीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दोन वर्षांनी मी त्याच मिस्त्रीला बोलावले, कारण त्याच्या हाताला खोट नव्हती, खोट आमच्या बोलण्यात होती. कागद मी लिहायला घेतला, पण त्यातली दोन कलमे त्याने सांगितली. वाढीव कामाचा दर त्याच दिवशी ठरेल, आणि शनिवारी पैसे मिळतील. ती लिहिताना माझी मान थोडी खाली गेली, हे कबूल केले पाहिजे. कोबा झाला, दोन दिवस पाणी अडवले, छत कोरडे राहिले. ईदला तो आला.

तेव्हा बंधूंनो, यापुढे मिस्त्री दारात आला की त्याला आत बसवा, चहा सांगा आणि वही काढा. चहा येईपर्यंत एक पान लिहून होते.